तिसरा भाग काढू नकोस

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला सारलं असशील, हे मी धरूनच चाललो आहे. चार-दोन दिवस ते टेबलावर पडून राहील, त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटेल, आणि मग राग थोडा निवळला की एखाद्या संध्याकाळी तू ते उघडशील. फोनची वाट तूच बंद केलीस. मी उचलला की पलीकडून दोनच शब्द येतात, "आईला द्या." मग आई 'हूं', 'बरं', 'झोप नीट होते ना' एवढं बोलते, फोन ठेवते आणि मला बातम्या देते, "तिची सर्दी बरी आहे. तुमच्याबद्दल काही विचारलं नाही." इतक्या कोरड्या आवाजात सरकारी निवेदनंसुद्धा कुणी वाचत नसेल. तेव्हा आता कागद. कागदाला आवाज नसतो, आणि त्याचा हा गुण आज पहिल्यांदाच माझ्या उपयोगी पडतो आहे.

मुद्द्यावर येतो. मागच्या आठवड्यात तू आईला सांगितलंस की तू रचलेल्या व्हायोलिन-पियानोच्या सोनाट्याचा तिसरा भाग तू काढून टाकणार आहेस. महिनाअखेर तुझ्या शहरात व्हायोलिनवाली आणि तुझे सर तो पुन्हा वाजवतील तेव्हा दोनच भाग असतील, आणि छापायला जाईल तेही दोनच भागांचं. माझं म्हणणं एका वाक्यात मावतं: तिसरा भाग काढू नकोस. पुढचं सगळं पत्र या एका वाक्याची पुष्टी आहे. तुझा बाप एका वाक्यात थांबला असं कधी झालेलं नाही, तेव्हा खुर्ची ओढून नीट बस.

छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून माझं अर्धं आयुष्य गेलं, हे तुला माहीत आहे. पानावर जागा कमी पडली की संपादक काय करायचे, ठाऊक आहे? शेवटचा परिच्छेद उडवायचे. तो वाईट असतो म्हणून नव्हे, तर तो कापायला सोपा असतो म्हणून. आणि नेमकं ज्याच्यासाठी लेखकाने सगळा लेख रचलेला असतो, ते तिथेच दडलेलं असतं. मी ओल्या प्रुफांवर लाल शाईने 'हे ठेवा' असं लिहून लिहून थकलो. माझं कुणी ऐकायचं नाही. म्हणून तर मी संघटनेत गेलो आणि फाटकासमोर टेबलावर उभा राहून बोलायला लागलो. कागदावर ऐकत नाहीत ना, मग कानात ऐका! तुझी आई तेव्हापासून मला 'भोंगा' म्हणते. कारखान्याचा भोंगा दिवसातून तीनदाच वाजतो, एवढाच फरक, असंही म्हणते.

तू आईला म्हणालीस म्हणे, "ज्या रचनेचा शेवट कुठे आहे हे लोकांना कळत नाही, तिच्यात दोष लोकांचा नसतो, लिहिणारीचा असतो." वाक्य झकास आहे. सभेत मी ते बिनदिक्कत वापरलं असतं. पण ते खरं नाही, आणि हे मी टाळ्यांमधला जाणकार म्हणून सांगतो. सोनाट्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण टाळी मला कळते. टाळी मागून घेता येते. वाक्याच्या शेवटी आवाज चढवायचा, हात वर न्यायचा आणि थांबायचं. लोक वाजवतात. ती टाळी म्हणजे सभ्यपणा. पण कधी कधी वाक्य अर्धं असतं, मी श्वास घ्यायला थांबलेला असतो, आणि मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी एकटाच टाळी देतो. बाकीचे वळून बघतात. तो ओशाळतो. भिंगरी, माझ्या सगळ्या भाषणांत खऱ्या टाळ्या मला तेवढ्याच मिळाल्या. चुकीच्या जागी पडलेल्या. त्या माणसाला माझं बोलणं संपलं असं वाटलेलं नसतं. त्याला आत काहीतरी लागलेलं असतं, आणि लागल्यावर माणूस जागा बघत नाही.

आता तू म्हणशील, बाबा स्वतःचं समर्थन करतायत. करू दे की थोडं. तुझ्या-माझ्या भांडणाला आपली एक परंपरा आहे, ती मोडणं बरं नव्हे. तू एकोणीस वर्षांची होतीस आणि मी म्हणालो होतो की ज्या संगीतावर चार माणसांना पावलं टाकता येत नाहीत, ते कुणासाठी लिहायचं? तू दारात उभी होतीस, एक बूट पायात आणि एक हातात. म्हणालीस, "तुमच्या भाषणावर तरी कोण नाचतं बाबा?" आणि दुसरा बूट न घालताच जिना उतरलीस. आई खिडकीतून ओरडली, "अगं, पाय भाजेल!" आणि मी मोठमोठ्याने हसत बसलो. मला वाटलं, वादात हरलो तरी चालेल, पोरीला बोलता येतं. तू बोलणारी होशील असंच मी धरलं होतं. तू निघालीस ऐकणारी. हे कुठून आलं याचा मला कधी पत्ता लागला नाही. निदान सोनाट्याच्या पहिल्या कार्यक्रमाच्या त्या संध्याकाळपर्यंत तरी नाही.

त्या संध्याकाळसाठी मी तयारी करून आलो होतो, हे तुला सांगायचं राहिलं. ग्रंथालयातून दोन जाड पुस्तकं आणली आणि पंधरा दिवस वाचली. त्यात एक गंमत सापडली. फार पूर्वी अशा रचना पियानोच्या मानल्या जायच्या आणि व्हायोलिन नुसतं सोबतीला असायचं. मग हळूहळू व्हायोलिन पुढे सरकलं, आणि लोक समजायला लागले की पियानो त्याच्या सोबतीला आहे. मग कुणीतरी दोघांना बरोबरीने भांडायला लावलं. मी आईला म्हणालो, "बघ, मालक कोण आणि नोकर कोण, हा प्रश्न वाद्यांनासुद्धा चुकलेला नाही." ती तिच्या चांगल्या कोटाचं बटण शिवत होती. दात लावून दोरा तोडला आणि म्हणाली, "घरात कोण कोणाच्या सोबतीला आहे, ते कुठल्या पुस्तकात दिलंय?" मी पान उलटलं.

तुला आपलं जुनं घर आठवतं ना? दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत पडद्यामागे तुझी कॉट, मागे स्वयंपाकघर. भाषणाची तालीम मी स्वयंपाकघरात करायचो, कारण पुढे तू झोपलेली असायचीस. पडद्याने आवाज अडतो असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. टेबलाचा कोपरा धरायचा, समोर हजार माणसं आहेत असं समजायचं आणि सुरू करायचं. "का? का म्हणून आम्ही गप्प बसावं?" त्या 'का'वर माझा सगळा जोर असायचा. आई मुलांच्या वॉर्डातली पाळी संपवून आलेली असायची, पाय सुजलेले, केस अजून टोपीच्या आकारात बसलेले. ती काही बोलायची नाही. मधूनच उठायची आणि भिंतीवरच्या मांडणीतली ताटं, पेले, झाकणं सारखी करायची. पुन्हा बसायची. पुन्हा उठायची. मला वाटायचं, काय ही टापटिपीची आवड! दमून आली आहे, तरी वाकडं ताट हिला बघवत नाही. एका भाषणात मी हे उदाहरणही दिलं होतं, कष्टकरी स्त्रीच्या शिस्तीचं म्हणून. टाळ्या पडल्या होत्या. मागून घेतलेल्या.

तर ती संध्याकाळ. आम्ही तिघं तिसऱ्या रांगेत होतो, मधे आई, तिच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तुझा मामा. तू मागे कुठेतरी खांबाआड उभी होतीस. व्हायोलिनवाली आली, चांगली ताडमाड आहे की पोरगी, आणि तुझे सर आले, पियानोसमोर बसून स्टूल वर-खाली करत राहिले. मग सुरू झालं. पहिल्या भागात व्हायोलिन थांबेच ना. वर जाई, खाली येई, आपलंच म्हणणं पुन्हा वेगळ्या तऱ्हेने सांगे, पियानोने तोंड उघडलं की त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकी. मामा आईच्या पाठीमागून वाकून माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "दाजी, हे वाद्य अगदी तुमच्यावर गेलंय." आई म्हणाली, "शू!" पण मी तिच्या गालाकडे पाहिलं. तिथे हसू होतं. दुसऱ्या भागात पियानो एकसारखा चालत राहिला, घरातलं माणूस कामं आवरत इकडून तिकडे जावं तसा, आणि व्हायोलिन मधेमधे येऊन त्याला अडवी. मी मनात म्हणालो, हा पियानो याला एकदा ठणकावून गप्प का करत नाही? संप करावा त्याने! झाकण लावून बाहेर बसावं! आणि मग माझं मलाच जाणवलं की मी कुणाच्या बाजूने बोलतो आहे. मी खुर्चीत जरा सावरून बसलो.

मग तिसरा भाग. व्हायोलिनवालीने आमच्याकडे पाठ केली आणि ती उघड्या पियानोपाशी जाऊन उभी राहिली, वाद्य थेट तारांवर रोखून. तुझ्या सरांनी तारा मोकळ्या सोडणारं पेडल पायाने दाबून धरलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते काही वाजवेनातच. ती एक वाक्य वाजवी, तुटक, जोरकस, आणि एकदम थांबे. ती थांबली की पियानो गुणगुणायला लागे! कुणी पट्टीला हात लावलेला नाही, हातोडी पडलेली नाही, आणि त्या पेटाऱ्यातून एक हलका, थरथरता गुंजारव येतोय. व्हायोलिनचाच आवाज आत जाऊन तारांना लागला होता आणि तारा आपल्या आपण बोलत होत्या. मग तुझे सर अर्धवट उठले, हात लांब केला आणि सगळा तळहात तारांवर ठेवला. गुंजारव विझला. पुन्हा वाक्य, पुन्हा गुंजारव, पुन्हा तळहात. सभागृहात माणूस श्वास घेत नव्हता. आणि त्यांनी तिसऱ्यांदा तळहात ठेवला, त्यानंतरच्या शांततेत टाळी पडली.

पुढचं तू पाहिलंस. मी उभा राहिलो, हात डोक्याच्या वर नेले आणि फाटकसभेत वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या, "वा!" म्हणून ओरडलो, मागे वळलो, लोकांकडे बघून वाजवल्या. आणि गर्दी गर्दीसारखी वागली. शेजारची रांग उठली, मग मागची, मग सगळं सभागृह. तुझे सर पियानोपाशी तसेच वाकलेले, व्हायोलिनवाली गज हवेत धरून उभी, आणि पुढचं काय होतं ते कुणालाच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की श्रोत्यांनी रचना संपायच्या आधीच उभं राहून दाद दिली. तू बाहेरच्या दालनात माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. चेहरा पांढराफटक. म्हणालीस, "एक मिनिट. एक मिनिट तुम्हाला गप्प बसवलं नाही? ते माझं सगळ्यात महत्त्वाचं मिनिट होतं, बाबा." मामाने विनोद करायचा प्रयत्न केला, "दाजींनी संप यशस्वी केला गं!" आई पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरून जमिनीकडे बघत होती. आणि मी काहीच बोललो नाही. तुला तेव्हा नवल वाटलं नाही? तुझ्या बापावर आरोप होतो, चार माणसांत होतो, आणि तो तोंडातून शब्द काढत नाही? मला वाटलं होतं, निदान तेवढ्यावरून तरी तुला शंका येईल. पण राग आला की माणूस ऐकत नाही, हे मी तुला सांगायचं म्हणजे अतीच झालं.

तर आता ऐक. ती टाळी मी वाजवली नव्हती.

ती तुझ्या आईने वाजवली. दोनच टाळ्या, हलक्या, छातीशी. गर्दीत ओळखीचं माणूस दिसलं की लहान मूल वाजवतं तशा. जन्मात जी कुठल्या सभेत पहिली बोलली नाही, जी दुकानातसुद्धा "आधी तुम्ही घ्या" म्हणते, तिने भरल्या सभागृहात, त्या जीवघेण्या शांततेत, सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. कुणीतरी चुकचुकलं. मी आईकडे पाहिलं. आनंद अजून चेहऱ्यावरून गेला नव्हता आणि लाज अजून पोचली नव्हती, असा तो क्षण होता. लाज निघाली होती, ती मला येताना दिसत होती. मग मी उठलो. मला दुसरं काही येत नसेल, पण गर्दी कशी उठवायची ते येतं. दोन टाळ्या लपवायच्या तर पाचशे लागतात. मी पाचशे आणल्या. त्यात तुझं ते मिनिट चिरडलं गेलं, हे खरं आहे. पण त्या क्षणी माझ्यासमोर तुझा सोनाटा आणि तुझी आई यांतलं एकच वाचवणं शक्य होतं. मला विचार करावा लागला नाही, आणि आजही लागणार नाही.

परतताना आम्ही बसमध्ये शेजारी शेजारी बसलो होतो. बरेच थांबे गेले. मग ती म्हणाली, "अहो, ते माझं होतं." मी म्हणालो, "काय तुझं?" बसच्या खिडकीची काच सैल होती, इंजिनाच्या धक्क्याने सारखी थरथरत होती. आईने हातमोजा काढला आणि तळहात त्या काचेवर ठेवला. काच गप्प झाली. "हे," ती म्हणाली. तरी मला कळेना. तेव्हा तिने सांगितलं. मी 'का?' म्हणून ओरडलो की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं आणि पेले झणझणायला लागायचे. बारीकच, पण वाजत राहायचे. माझ्या आवाजाने तू जागी व्हायची नाहीस, त्याची तुला सवय होती. त्या झणझणण्याने व्हायचीस. म्हणून ती उठून त्यांच्यावर हात ठेवायची. ती ताटं सारखी करत नव्हती, भिंगरी. बोलणाऱ्याला आपल्या आवाजाने घरात काय काय वाजतं, ते ऐकू येत नाही. पडद्यामागे झोपलेल्या तुला ऐकू यायचं. आधी बाबा, मग भांडी, मग आईचा हात. आणि तू ते सगळं नेऊन एका पियानोत ठेवलंस. पाचशे माणसं आणि दोन जाड पुस्तकं वाचलेला एक मुद्रितशोधक यांच्यातून तिने एकटीने ते ओळखलं. तुझी रचना कुणाला कळली नाही म्हणतेस?

मी म्हणालो, "उद्याच तिला कळवतो." आईने माझं मनगट धरलं. वॉर्डात नाडी बघायची तसं, घट्ट. "नाही. तुम्ही सांगायचं नाही. तुमच्यावर ती रागावली की भांडते, आणि भांडण संपतं. माझ्यावर रागावली तर नुसती गप्प बसेल. ते मला सोसणार नाही." मी वचन दिलं आणि तेव्हापासून आजपर्यंत ते पाळलं. तुझ्या शिव्या खाल्ल्या, मामाचे टोमणे खाल्ले. तो आता मला टाळीसम्राट म्हणतो. चांगला कोट आईने कपाटात अगदी आत टांगून ठेवलाय. महिनाअखेरच्या कार्यक्रमाचं काढलं की म्हणते, "तुम्ही जा. मी नाही यायची. मला त्यातलं काय कळतं?" आणि आता तिसरा भाग तू काढते आहेस म्हटल्यावर तिने फोन ठेवला, ओट्याशी गेली आणि स्वच्छ असलेलाच पेला परत घासत बसली. तिला वाटतं, तो तिच्यामुळे गेला.

आणि तरीही मी हे पत्र लिहिलं नसतं. वचन ते वचन. पण काल एक गोष्ट घडली. जुन्या सोबत्यांचा मेळावा आहे, तिथे मला बोलायचंय, म्हणून मी स्वयंपाकघरात तालीम करत होतो. आई ओट्यापाशी पाठमोरी होती. 'का?' म्हणालो आणि श्वासासाठी थांबलो, तर आयुष्यात पहिल्यांदा मला ते ऐकू आलं. मांडणीवरचे पेले गुणगुणत होते. आईचा हात सवयीने वर गेला, पेल्यांपासून वीतभर अंतरावर पोचला आणि तिथेच थांबला. मग तिने तो खाली घेतला, मान किंचित तिरकी केली आणि ऐकत उभी राहिली. तो आवाज आपल्या आपण बारीक होत होत, होता होता नाहीसा झाला. त्यानंतरही ती थोडी थांबली. मग मागे न वळता म्हणाली, "परत म्हणा. तेच." आता तुला सांगतो. त्या संध्याकाळी तुम्ही कोट घेत होतात तेव्हा मी व्यासपीठावर गेलो होतो. तुझे सर पियानोचं झाकण लावत होते. त्यांना विचारलं, "टाळी पडली नसती तर पुढे काय होतं?" ते म्हणाले, "काही नाही हो. शेवटच्या वेळी हात ठेवायचा नसतो. आवाजाला आपल्या आपण संपू द्यायचं. बस, इतकंच." हे मी आईला कधी सांगितलं नाही. तुझा शेवट तिने ऐकलेला नाही, आणि काल तिने तो स्वयंपाकघरात वाजवून दाखवला. म्हणून वचन मोडतो आहे. तिसरा भाग काढू नकोस. तिला फोन कर, टाळीबद्दल अवाक्षर काढू नकोस, फक्त म्हण, "आई, तू आली नाहीस तर कार्यक्रम होणार नाही." तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या राखून ठेव. मी माझे हात मांडीखाली घेऊन बसेन, मामाला घरी ठेवून येईन, श्वाससुद्धा नाकाने घेईन. तिच्या हातांची हमी मात्र मी देत नाही, आणि तू ती मागूही नकोस.

तुझाच,
भोंगा